लहान विमानात नॅव्हिगेशनसाठी टॅबलेट : कोणता घ्यावा, कुठे बसवावा?

मेघमुग्धा

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, जुळे सोलापुरात घर. सध्या बारामतीला विमान चालवायला शिकते आहे. पहिला सोलो, म्हणजे एकटीने उड्डाण, झाला, आता क्रॉस-कंट्रीची, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी उडायची, तयारी सुरू आहे. त्यातला एक मार्ग बारामती-सोलापूर-बारामती असणार, म्हणजे आपल्याच होटगी रोडच्या धावपट्टीवर येऊन उतरायचं. घरचे आतापासूनच तारीख विचारतायत.

प्रश्न टॅबलेटचा आहे. पहिल्या काही क्रॉस-कंट्री कागदी नकाशा, प्रोट्रॅक्टर आणि घड्याळावरच करायच्या, असं इन्स्ट्रक्टरांनी बजावलंय. नंतर स्कूलच्या नियमांत बसेल तसा टॅबलेट चालेल. सुट्टीत घरी आहे तोवर घेऊन टाकावा म्हणते. माझ्या मनात ११ इंची आयपॅड आहे, नकाशा मोठा दिसतो म्हणून. मैत्रिणीने अँड्रॉइड घेतला, बराच स्वस्तात. आमच्याकडे सेसना १५२ आणि १७२ आहेत, पुढे काही तास डायमंड डीए४० वर मिळतील. तिन्हींत चालेल असा टॅबलेट बसवायचा कसा? काचेला चिकटवायचा, योकला (विमानाच्या स्टिअरिंगला) लावायचा की मांडीवर बांधायचा? आणि मुख्य भीती उन्हाची. मे महिन्यातलं सोलापूर काय असतं ते इथे कुणाला सांगायला नको.

हिप्परगा

अभिनंदन! विमानातलं मला काही कळत नाही, पण एक शंका आहे. मोबाईलवर गुगल मॅप असतोच की. त्यावर नाही का भागत?

उतारवारा

हिप्परगा, शंका रास्त आहे. गुगल मॅप रस्त्यांसाठी केलेला. कुठली हवाई हद्द कुठे सुरू होते, कुठे लष्करी क्षेत्र आहे, पुढचा टॉवर किती फूट उंच आहे, धावपट्टीची दिशा काय, यातलं काहीच त्यात नसतं. शिवाय वर गेल्यावर मोबाईलच्या नेटवर्कचा भरवसा नाही, आणि नेट गेलं की नकाशाचा पुढचा तुकडा उघडत नाही. विमानाच्या ॲपमध्ये सगळा नकाशा जमिनीवर असतानाच उतरवून घेतात.

मुग्धा, आता तुझ्याकडे वळतो. माझी सगळी नोकरी उजव्या सीटवर, विद्यार्थ्यांच्या शेजारी गेली. त्यामुळे मी टॅबलेटच्या आधी जागेचं बोलतो. दुकानात जाण्याआधी जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे काप. एक ११ इंची आयपॅडच्या मापाचा, साधारण २५ बाय १८ सेंटीमीटर. दुसरा आयपॅड मिनीच्या मापाचा, साडेएकोणीस बाय साडेतेरा. दोन्ही घेऊन उभ्या असलेल्या १५२ मध्ये बस. सीट तुझ्या नेहमीच्या खाचेत आण, बेल्ट बांध, शेजारी कुणालातरी बसव. मग पुठ्ठा योकवर धरून योक पूर्ण डावीकडे फिरव आणि तसाच पोटापर्यंत ओढ. उजवीकडेही तेच कर. मोठा पुठ्ठा एकदा मांडीला अडेल, एकदा शेजाऱ्याच्या गुडघ्याला. जिथे अडला तिथे विमानाचा कंट्रोल अडला असं समज.

हे नुसतं कागदावरचं नाही. सोलापूरची धावपट्टी १५-३३ आहे, म्हणजे साधारण १५० आणि ३३० अंशांच्या दिशेला, आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो. म्हणजे उतरताना क्रॉसविंड जवळजवळ आडवाच. धावपट्टीला टेकल्यावर एलेरॉन (पंखाच्या टोकाकडच्या हलत्या फळ्या, त्या योकने फिरतात) वाऱ्याच्या बाजूला शेवटपर्यंत न्यायला लागतं. त्याच घडीला टॅबलेटचा कोपरा मांडीत रुतला तर?

आता त्याच पुठ्ठ्याने दुसरी परीक्षा कर. योकवर धरल्यावर मागे काय काय झाकलं जातं ते बघ. १५२-१७२ मध्ये डाव्या हाताखाली मास्टर स्विच, इग्निशन, सर्किट ब्रेकर असतात. योकवर मोठा टॅबलेट आला की यातलं बरंचसं दिसेनासं होतं. आणीबाणीत हात आधी तिथेच जायला हवा, टॅबलेट बाजूला करण्यात सेकंद घालवायचे नाहीत.

माझं मत स्पष्ट सांगतो: तुझ्या तिन्ही विमानांना मिनीचं माप पुरे. आठ-सव्वाआठ इंच, वजन ३०० ग्रॅमच्या आत-बाहेर. नकाशा लहान दिसतो ही तक्रार पहिल्या दोन उड्डाणांत संपते, कारण दोन बोटांनी मोठा करता येतो. कॉकपिट मोठं करता येत नाही.

एमआयडीसीवाला

मुग्धाताई, आपलं अक्कलकोट रोडला फॅब्रिकेशनचं युनिट आहे. ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट पाहिजे त्या मापात करून देतो बघा. दोन स्क्रू मारून पॅनेलला फिट केला की हलायचं नाव नाही. पोरगी आपल्या गावची हाय, पैसे नकोत. माप तेवढं पाठवा.

पानापकडी

एमआयडीसीवाले दादा, तुमचा मोठेपणा समजतो, पण तो स्क्रू विमानाला मारायचा नाही. मी एएमई आहे, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या कागदावर माझी सही असते. आमच्याकडे साधी फूटपट्टी अशी: जी वस्तू हाताने लावता येते, हाताने काढता येते, विमानाला भोक पाडत नाही आणि वायरिंगला जोडलेली नसते, ती वैमानिकाने बरोबर आणलेली वस्तू. स्क्रू, रिव्हेट, चिकटवलेली पट्टी किंवा पॅनेलमागून काढलेली वायर आली की तो विमानात केलेला बदल ठरतो. त्याला मंजूर आराखडा लागतो, नोंद लागते. बिननोंदीचा ब्रॅकेट मला सापडला तर काढल्याशिवाय विमान सोडणार नाही.

डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, भाषेत नकाशे-चार्ट दाखवणाऱ्या टॅबलेटला ईएफबी म्हणतात, इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग. तुमच्या स्कूलच्या टीपीएममध्ये (प्रशिक्षणाच्या पद्धती-नियमांची पुस्तिका) त्याबद्दल काय लिहिलंय ते मुग्धाने पहिल्यांदा वाचावं. काही ठिकाणी माउंटला परवानगी असते, काही ठिकाणी फक्त मांडीवर. ते न बघता माउंटवर खर्च करू नये.

आता माझ्या कामाच्या बाजूने चार गोष्टी.

काच. लहान विमानाची खिडकी म्हणजे काच नसते, ॲक्रिलिक असतं. सक्शन कप लावण्याआधी ती पुसायला स्पिरिट, सॅनिटायझर किंवा घरातला काच पुसायचा फवारा वापरला तर आत कोळ्याच्या जाळ्यागत बारीक चिरा धरतात आणि त्या जात नाहीत. स्वच्छ पाणी आणि मऊ सुती कापड, बस. कपाखाली धुळीचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो. आणि कप कायम लावून ठेवायचा नाही. उन्हात रबर मऊ पडतं, वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, म्हणजे कपाला दाबून धरणारा जोरही कमी. दुपारच्या हवेत विमान उसळायला लागलं की तो सुटतो. सुटला तरी खाली रडर पेडलकडे जाणार नाही अशी एक दोरी टॅबलेटला बांधलेलीच हवी.

चार्जर. तुमच्या १५२ चं आणि नव्या १७२ चं विद्युत मंडल २८ व्होल्टचं आहे. बाजारातले स्वस्त कार चार्जर १२ व्होल्टच्या गाडीसाठी असतात, काहींवर १२-२४ लिहिलेलं असतं. २८ वर तो तापू शकतो, जळूही शकतो. ज्यावर ३० किंवा ३२ व्होल्टपर्यंत चालेल असं स्पष्ट छापलंय तोच घ्यायचा. दुसरं म्हणजे, हलक्या चार्जरमधून रेडिओ लहरींचा कचरा निघतो. व्हीएचएफ सेटवर सूंऽऽ असा आवाज येत राहतो, नाहीतर स्क्वेल्च (खरखर दाबून ठेवणारी सोय) आपोआप उघडतो. टॉवर काय सांगतोय तेच ऐकू आलं नाही तर नकाशा काय कामाचा? नवा चार्जर आणला की जमिनीवर इंजिन चालू असताना रेडिओ ऐकत एकदा खोचून, एकदा काढून बघ.

कंपास. टॅबलेटच्या कव्हरमध्ये, काही माउंटमध्ये लोहचुंबक असतात. टॅबलेट जागेवर लाव, मॅग्नेटिक कंपासवर आकडा बघ, टॅबलेट काढ, परत बघ. आकडा सरकला तर ते कव्हर घरी ठेव.

वायर. १७२ मध्ये थ्रॉटल आणि मिक्स्चरच्या (इंजिनचं इंधन कमी-जास्त करणाऱ्या) मुठी मधोमध आहेत आणि चार्जिंगची सोय बहुधा त्याच्याच जवळ. लोंबत्या वायरीचा वेढा मिक्स्चरच्या लाल मुठीत अडकलेला मी पाहिलाय. विमान उभं होतं म्हणून निभावलं. टॅबलेट उचलला असता तर मुठीसकट ओढली गेली असती आणि इंजिन बंद. वायर आखूड घ्यायची आणि योकच्या खालून न नेता बाजूने न्यायची.

एमआयडीसीवाला

बरं झालं सांगितलात साहेब. आम्हाला वाटलं फिट बसलं म्हणजे झालं. मग ब्रॅकेटचं राहू द्या.

वाळवंटी_वारा

धागा आवडला, वाचनखूण साठवली. मी मूळचा बार्शीचा, आता ॲरिझोनात असतो आणि इथे हौस म्हणून १७२ उडवतो. इथलं ऊन सोलापूरला भारी पडेल, त्यामुळे टॅबलेट तापून काळा पडणं हा माझा रोजचा विषय.

ॲपल स्वतः आयपॅड ० ते ३५ अंशांत वापरा म्हणतं. त्यापुढे गेलं की पहिल्यांदा स्क्रीन मंद होतो, मग चार्जिंग थांबतं, आणि शेवटी थर्मामीटरचं चिन्ह येऊन पडदा काळा. हे हळूहळू होतं, त्यामुळे स्क्रीन आपोआप मंद झाला की पुढचं ओळखायचं. मी करतो ते असं: जाड कव्हर काढून टाकायचं, पाठ उघडी हवी. सेसनाच्या पंखाच्या मुळाशी जो हवेचा नळ आहे तो टॅबलेटच्या पाठीवर वळवायचा. वर चढेपर्यंत चार्जिंग बंद, कारण चार्जिंगनेच आतून गरम होतो. तापलाच तर गार पाण्याच्या बाटलीला किंवा बर्फाला टेकवायचा नाही, आत दव धरतं.

चष्म्याचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. पोलराइज्ड गॉगल घालून टॅबलेट आडवा-उभा फिरवून बघ, एखाद्या बाजूने पडदा अंधारतो. दुकानातच गॉगल घालून बघायचं.

ॲपचं म्हणाल तर मी फोरफ्लाइट वापरतो. ते फक्त ॲपलवर चालतं. गार्मिन पायलट दोन्हीकडे चालतं. म्हणजे आधी ॲप ठरव, त्यात भारताचा डेटा कोणत्या वर्गणीत येतो ते बघ, आणि मग आयपॅड की अँड्रॉइड हा प्रश्न बराचसा आपोआप सुटेल. आणि आमच्याकडच्या व्हिडिओंत एक छोटा एडीएस-बी रिसीव्हर (विमानं आपली जागा रेडिओवरून कळवतात, ते ऐकणारं यंत्र) टॅबलेटवर फुकट हवामान दाखवतो. ते बघून तो मागवू नकोस. जमिनीवरून ९७८ मेगाहर्ट्झवर हवामान पाठवणारी ती यंत्रणा अमेरिकेची आहे, भारतात नाही. तिकडे त्यावर फार तर १०९० वर बोलणारी आसपासची विमानं दिसतील.

भारतात येणाऱ्या माझ्यासारख्यांना एक कळकळीची सूचना. गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र कुणा मुलीला-भाच्याला भेट म्हणून आणू नका. भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर लोकांना अडवून ताब्यात घेतलेलं आहे.

मेघमुग्धा

किती सविस्तर लिहिताय सगळे! पानापकडी दादा, टीपीएम उद्याच मागवते. सर, पुठ्ठे कापून ठेवले. अजून दोन शंका. आयपॅड मिनी नुसत्या वायफायचा आणि सिमचा असे दोन आहेत, २०२४ मध्ये आला तेव्हा ४९,९०० आणि ६४,९०० अशी किंमत होती. मला वर सिम वापरायचंच नाही, मग पंधरा हजार का घालू? आणि नवी पेठेतल्या दुकानदाराने सांगितलं की वायफायवाल्याला फोनचा हॉटस्पॉट दिला की लोकेशन येतं.

पानापकडी

त्या पंधरा हजारांत सिमच्या खाचेबरोबर जीपीएसची चिप येते. नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएसचा रिसीव्हरच नसतो. तो आसपासच्या वायफायवरून जागेचा अंदाज बांधतो. दुकानात बसून ते ठीक दिसतं, माढ्याच्या वर साडेपाच हजार फुटांवर कुठला वायफाय? हॉटस्पॉटवरून आलेलं लोकेशनही फोनच्या भरवशावर, आणि ते कधी अडकून राहील सांगता येत नाही. अडकलेलं विमानाचं चित्र पडद्यावर तसंच दिसत राहतं, हा त्यातला खरा धोका.

सिमवाला घे. सिम घातलं नाही तरी जीपीएस चालतं, एअरप्लेन मोडमध्येही. नेट नसताना पहिल्यांदा उपग्रह धरायला वेळ लागतो, म्हणून विमानाची बाहेरून पाहणी करतानाच टॅबलेट सावलीत, पण आकाश दिसेल असा चालू ठेवायचा. वायफायवाला आधीच घरात असेल तर ब्लूटूथने जोडायचा बाहेरचा जीपीएस रिसीव्हर मिळतो, तोही चालतो. पण आणखी एक वस्तू, आणखी एक बॅटरी.

अँड्रॉइडमध्ये उलट आहे. बऱ्याच वायफायवाल्यांतही जीपीएस असतं, पण सगळ्यांत नसतं, म्हणून माहितीपत्रकात जीपीएस शब्द शोधूनच घ्यावा. सॅमसंगची टॅब ॲक्टिव्ह नावाची दणकट मालिका आहे, त्यात आठ इंचीही असतो, बॅटरी हाताने काढून बदलता येते. ॲपची अडचण नसेल तर उन्हाच्या प्रदेशाला तो वाईट नाही.

शिवणयंत्र

मुग्धा, आमचा गणवेश शिवायचा कारखाना आहे. सोलापूरचे गणवेश कुठे कुठे जातात ते तुला माहीतच असेल. मांडीवर बांधायचं ते नीबोर्ड म्हणतात ना, त्याचे फोटो बघितले. यात आम्हाला अवघड असं काही दिसत नाही. खाली कॅनव्हास, दोन इंची इलॅस्टिक, चांगल्या प्रतीचा वेल्क्रो, बाजूला पेन्सिलीचा कप्पा. परदेशी वस्तूची किंमत बघून थक्क झाले. तुझ्या मांडीचं माप आणि टॅबलेटचं माप दे. मात्र शिवण नेमकी कुठे हवी, कुठे नको ते सर सांगतील तसं करू.

उतारवारा

शिवणयंत्र ताई, हे फार उत्तम होईल. हा विमानाचा भाग नाही, मुलीच्या अंगावरची वस्तू आहे, त्यामुळे पानापकडींची हरकत यायचं कारण नाही. चार अपेक्षा सांगतो.

टॅबलेटच्या पाठीमागे कॅनव्हास किंवा रेक्झिन नको. शाळेच्या पीटी बुटांना वरून जी जाळी असते तसली जाळी लावा, आणि मांडी व टॅबलेट यांच्या मध्ये बोटभर हवा खेळेल अशी उंची द्या. पाठ बंद झाली की तो वाळवंटीवाऱ्यांनी सांगितला तसा काळा पडणार. दुसरं, पट्टा एका हाताने, न बघता, एका हिसक्यात सुटला पाहिजे. वेल्क्रोचं टोक वळवून जाड करा म्हणजे बोटाला सापडेल. तिसरं, टॅबलेटच्या कडा बोटांसारख्या चार पट्ट्यांनी पकडाव्यात, त्या पडद्यावर यायला नकोत. आणि चौथं, टॅबलेटखाली एक उघडा कप्पा हवा, त्यात घडी केलेला कागदी नकाशा आणि नॅव्हिगेशन लॉग राहील.

मुग्धा, मांडीवरच्या टॅबलेटचा एक दोष तुला सांगायलाच हवा. बघायला मान खाली जाते. मान खाली, विमान वळणात, आणि वर बघितलं की गरगरतं. त्यामुळे वळत असताना खाली बघायचंच नाही. पंख सरळ, विमान ट्रिम केलेलं (हात सैल सोडला तरी सरळ उडेल असं), बाहेर नजर फिरवून झाली, मग एक दृष्टिक्षेप आणि परत बाहेर. डीए४० मध्ये योक नसतो, दोन पायांच्या मधे स्टिक असते. तिथे नीबोर्ड अरुंद हवा आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाला सरकवलेला, म्हणजे स्टिक दोन्हीकडे पूर्ण जाते. त्याची कॅनपी म्हणजे डोक्यावर ॲक्रिलिकचा घुमट, ऊन थेट मांडीवर. तिथे उष्णतेची काळजी जास्त.

वाळवंटी_वारा

सर, इथे मी नम्रपणे असहमत. १७२ मध्ये मिनी योकवर आखूड दांड्याने लावला तर नजर पॅनेलच्या जवळ राहते, मान खाली जात नाही. दांडा लांब घेतला तर थरथरतो, आखूड घेतला की नाही. पीटीटी (रेडिओवर बोलायचं) बटण आणि ट्रिमचं बटण मोकळं ठेवलं की झालं. वर्षानुवर्षं असाच उडवतोय.

उतारवारा

१७२ मध्ये, स्वतःच्या एकाच विमानात, सीटची खाच ठरलेली असताना तुमचं बरोबर आहे. स्कूलमध्ये मुलगी आज १५२ मध्ये, उद्या १७२ मध्ये, परवा आणखी कुणाच्या खाचेतल्या सीटवर. रोज माउंट लावायचा-काढायचा, रोज फुल अँड फ्री, म्हणजे कंट्रोल सगळीकडे पूर्ण आणि मोकळे फिरतात का ते, नव्याने तपासायचं. मी तिला मांडीच सांगेन. लायसन्स आल्यावर तिचं तिने ठरवावं.

आता उन्हाचा हिशोब, कारण तिने तो पहिल्यांदा विचारला होता. समजा सोलापुरात ४२ अंश आहे. धावपट्टीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० फूट. बारामतीहून सोलापूरकडे ट्रॅक (जायची दिशा) साधारण ११५ अंश, म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्यांची व्हीएफआर (डोळ्यांनी बाहेर बघून उडण्याची) उंची, ५,५०० फूट. दर हजार फुटांना २ अंश धरले तरी वर ३४ अंश मिळतात. म्हणजे आयपॅडच्या मर्यादेच्या काठावर, पण आत. याचा अर्थ टॅबलेट मरतो तो बहुतेक वेळा जमिनीवर: ॲप्रनवर उभ्या विमानात, टॅक्सी करताना, रन-अपच्या (उड्डाणाआधी इंजिन तपासायच्या) जागी थांबलेलं असताना. त्या वेळात तो पडदा बंद करून झाकलेला ठेवायचा. त्यासाठी आपल्या गावचा पांढरा टॉवेल पुरतो, ऊन परतवतो आणि घामेजले हातही पुसता येतात. विमान उभं करून चहाला जाताना टॅबलेट सीटवर सोडायचा नाही, हे तर आहेच. पॉवर बँकही नाही. बॅटरी फुगलेली दिसली, पडदा कडेने उचलल्यासारखा वाटला, तर ती वस्तू विमानात चढवायचीच नाही. आणि मेमध्ये उड्डाण सकाळी लवकर. दहानंतर हवा उसळायला लागते तेव्हा टॅबलेटवर बोट नेमकं पडतही नाही.

हिप्परगा

विमानात बॅटरीने पेट घेतला तर काय करता हो?

पानापकडी

आधी विमान सांभाळायचं, मग वस्तू अंगापासून दूर. केबिनमधल्या हॅलॉनच्या अग्निशामकाने ज्वाळा दबतात, पण लिथियमचे सेल आतून पुन्हा भडकतात. त्यांना थंड करायला पाणी ओतत राहावं लागतं. म्हणून लिटरभर पाण्याची बाटली हाताशी असावी. बंद बॅगेत कोंबायचं नाही. आणि जवळच्या धावपट्टीवर उतरायचं.

उतारवारा

डेटाबद्दल थोडं, कारण भलाभक्कम टॅबलेट आणि शिळा नकाशा असं फार बघितलंय. विमानतळांची अधिकृत माहिती एएआयच्या (विमानतळ प्राधिकरणाच्या) ईएआयपी या ऑनलाइन माहितीग्रंथात असते, फुकट वाचता येते. बदल २८ दिवसांच्या एआयआरएसी चक्राने लागू होतात. उड्डाणाच्या आदल्या दिवशी ॲपचं चक्र ताजं आहे का, हे बघायचं आणि नोटॅम (तात्पुरत्या बदलांच्या सूचना) वेगळे वाचायचे.

सोलापूरचंच उदाहरण घे. धावपट्टीच्या वाटेतली सिद्धेश्वर साखर कारखान्याची को-जनरेशनची चिमणी. त्या चिमणीवरून गावात किती वर्षं वाद चालला ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती १५ जून २०२३ ला पाडली. त्याआधीचा नकाशा कुणाच्या टॅबलेटमध्ये राहिला असेल तर त्याला अजून तिथे अडथळा दिसेल. हे एक वेळ चालेल, अडथळा नसताना दिसला. उलट झालं तर? नवा टॉवर उभा राहिला आणि तुझ्या डेटात नाही. म्हणून डोळे बाहेर. तसंच ९ जून २०२५ पासून गोव्याचं प्रवासी विमान सुरू झालंय. २०१८-१९ मध्ये पुण्याच्या आयआयटीएमने ढगांत बीज पेरायच्या प्रयोगासाठी इथून विमानं उडवली, तेव्हाचं निवांत सोलापूर आता राहिलेलं नाही. फेऱ्यांच्या वेळा बघून निघायचं आणि रेडिओवर कान ठेवायचा. टॅबलेटवर विमान दिसलं नाही म्हणजे आकाश रिकामं, असं धरायचं नाही.

टॅबलेट मार्गात बंद पडला तरी हा मार्ग सोपा आहे. अंतर साधारण ८५ नॉटिकल मैल, १०० नॉट्सला पाऊण तासाच्या थोडं वर. बारामती सोडल्यावर डाव्या हाताला उजनीचं पाणी लागतं, पुढे धरणाची भिंत डावीकडेच. भिंत आडवी आली तेव्हा किती वाजले ते लॉगमध्ये लिही, त्यावरून खरा ग्राउंड स्पीड निघतो. मग उजवीकडे लांब पंढरपूर, भीमेच्या वळणावर. मोहोळ डाव्या पंखाखालून जातं आणि तिथे रेल्वे व हायवे दोन्ही तुझ्याजवळ येतात. शहर ओलांडून पुढे गेलीस आणि रेल्वेला फाटे फुटताना दिसले तर ते होटगी जंक्शन, धावपट्टी मागे राहिली. हे सगळं आदल्या रात्री कागदावर पेन्सिलीने काढलेलं असेल तर टॅबलेट काळा पडल्यावर मुलीचे हात थरथरत नाहीत. हे मी बघितलेलं सांगतो.

जीपीएस स्वतःच चुकीचं सांगेल अशीही वेळ येते. दिल्लीच्या आसपास विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळाल्याचं २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं. आपल्या भागात तसं होईल असं मी म्हणत नाही. पण टॅबलेट एक सांगतोय आणि कंपास, घड्याळ, खालची नदी तिन्ही दुसरं सांगतायत, तर तिघांचं ऐकायचं. जी१००० (पडद्यांचं पॅनेल) असलेल्या १७२ मधला रिसीव्हर प्रमाणित आहे, तुझा टॅबलेट नाही. मतभेद झाला तर पॅनेलचं खरं.

एमआयडीसीवाला

लई माहिती मिळूलालीय या धाग्यात. उतरायच्या दिवशी कुंपणाबाहेर उभं राहून बघता येईल का हो?

मेघमुग्धा

या की! तारीख ठरली की इथेच टाकते.

ठरलेलं सांगते. ११ इंचीचा विचार सोडला. पुठ्ठा घेऊन बाबांच्या गाडीच्या स्टिअरिंगमागे बसून बघितलं तरी कळलं, १५२ मध्ये तर शक्यच नाही. मिनी, सिमवाला, घेते आहे. शिवणयंत्र ताईंकडे आज माप देऊन आले. त्यांनी जाळीचे तीन नमुने दाखवले, त्यातली सगळ्यांत ताठ जाळी निवडली, टॅबलेटच्या वजनाने खाली झुकत नाही अशी. पट्ट्याच्या टोकाला त्यांनी लाल कापडाची जीभ लावून दिली, नजरेच्या कडेला दिसावी म्हणून. सक्शन कप सध्या घेत नाही. २८ व्होल्टचा चार्जरही नाही. सव्वा तासाच्या उड्डाणाला भरलेली बॅटरी पुरेल असं वाटतं, बरोबर ना? सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी) ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री करायची आहे, वाटेत दोन विमानतळांवर पूर्ण थांबून. तेव्हा मात्र दिवसभराचा प्रश्न येईल.

पानापकडी

सव्वा तासाला पुरेल. पडदा पूर्ण उजेडावर आणि जीपीएस चालू असलं तरी चांगल्या अवस्थेतला मिनी कित्येक तास जातो. निघताना ८० टक्क्यांच्या खाली नको. आदल्या रात्री आयपॅडचं अपडेट आलं तर लावू नकोस, उड्डाण झाल्यावर लाव. ऑटो-लॉक बंद कर, नाहीतर ऐन डाउनविंडला (उतरण्याआधीच्या, धावपट्टीला समांतर टप्प्यात) पडदा जाऊन पासवर्ड मागेल.

३०० मैलांच्या दिवशी चार्जिंग हवेत न करता मधल्या थांब्यावर, सावलीत, इमारतीत कर. तेवढ्यासाठी विमानात वायर आणायची गरज नाही. आणि पहिल्या उड्डाणाआधी टॅबलेट मांडीला बांधून, बेल्टसकट, मला किंवा तुमच्या तिथल्या एएमईला बोलावून कंपास दाखव. ताईंनी पट्ट्यात कुठे चुंबकाचं बटण लावलेलं नाही ना, तेही बघू.

शिवणयंत्र

चुंबक नाही दादा, सगळा वेल्क्रोच आहे. पेन्सिलीच्या कप्प्याला स्टीलचं प्रेस बटण लावणार होते, ते आता काढते आणि तिथेही वेल्क्रो घालते. शनिवारी मिळेल, मुग्धा.